महागावच्या बाजारात डेन्मार्कचा भाव

माझे मोठे साडू डेन्मार्क देशावर जितका जीव टाकत, तितका खुद्द डेन्मार्कच्या राजानेही कधी टाकला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. राजाला निदान इतर कामं असतात. आमच्या साडूभाऊंना नव्हती. महागावच्या बाजारओळीत त्यांचं लोण्यातुपाचं दुकान होतं, दुकानामागे घर, घरामागे कोठार, आणि कोठाराच्या पलीकडे थेट डेन्मार्क. मधल्या यवतमाळ, नागपूर, मुंबई वगैरे किरकोळ ठिकाणांना त्यांच्या जगात जागा नव्हती. आमचं वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं तेव्हा गावात केवढा गदारोळ झाला, पण हे शांतपणे म्हणाले, "राज्य कोनाचंही असो मास्तर, लोनी तं म्हशीपासूनच निंगते." मी तिथल्या मिडल स्कूलात इंग्रजी शिकवायला बदलून गेलो, तेव्हा थोरली बहीण त्याच गावात आहे म्हणून माझी बायको हरखली. मी हरखलो नाही. साडू हे नातं दुरूनच गोड लागतं असं माझं मत आहे, आणि या साडूंचा चेहरा तर पहिल्या भेटीतच इतका सुतकी दिसला की "कोण गेलं?" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पुढे कळलं की कोणीच गेलेलं नाही, चेहराच तसा आहे.

हे डेन्मार्क त्यांना पुसदच्या एका प्रदर्शनात भेटलं. दूधखात्याचे कोणी साहेब तंबूत जादूच्या कंदिलाने पडद्यावर चित्रं दाखवत होते आणि साडूभाऊ हिंडून पाय दुखले म्हणून आत जाऊन बसले होते. साहेब गोठ्यांबद्दल, यंत्रांबद्दल, सोसायट्यांबद्दल पुष्कळ बोलले म्हणे. त्यातलं एकच वाक्य यांच्या काळजात रुतलं : त्या देशात लोण्याचा भाव आठवड्यातून एकदा जाहीर होतो आणि मग लहानमोठ्या सगळ्यांना तोच भाव. बस्स. उरलेला देश यांनी स्वतःच बांधून काढला. तिथे गोठ्यांत फरशी असते, भावासाठी कोणी घासाघीस करत नाही, त्यामुळे कोणाचा घसा बसत नाही, रक्त आटत नाही, आणि म्हणूनच ती माणसं गोरी आणि गुबगुबीत असतात. एकदा शाळेत येऊन त्यांनी मला भिंतीवरच्या नकाशात तो देश दाखवायला लावला. मी बोट ठेवलं तर तो बोटाखालीच नाहीसा झाला. त्यांना राग आला तो माझ्या बोटाचा. "येवढासा हाय? अन् साऱ्या विलायतेले लोनी पुरवते? आपला देश पाहा, बोट ठेवाले जागाच जागा, अन् लोन्याचे हाल कुत्रं खात नाही."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी सकाळी ते दुकानासमोर एका पोत्यावर उभे राहून लोण्याचा भाव फोडू लागले. कापसाचा भाव फुटतो हे वऱ्हाडातल्या पोरासोरांनाही ठाऊक. लोण्याचा भाव फुटताना गावाने पहिल्यांदाच पाहिला. जो भाव सांगितला तो पुढच्या बाजारापर्यंत कायम. पाटलाच्या घरचं लोणी असो की बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाईने पळसाच्या पानात बांधून आणलेलं असो, भाव एक. यात लोकांचा फायदाच होता, पण फायदा झाला म्हणून माणूस खूष होतो असं थोडंच आहे? एका बाईने तर पहिल्याच दिवशी डोक्यावरचं गाडगं खालीही उतरवलं नाही. ती म्हणाली, "तुमी आधी कमी सांगा, मंग मी वाढवतो, मंग तुमी नाही म्हना. आल्याबरोबर पुरा भाव! याच्यात काहीतरी गडबड हाय." आणि पलीकडच्या दुकानात जाऊन, अर्धा तास भांडून, यांच्यापेक्षा कमी भावात लोणी देऊन ती तृप्त मनाने घरी गेली. साडूभाऊ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाले, "डेन्मार्कात असं नाही होत." हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की त्यांच्या दुकानातल्या मांजरालाही ते पाठ झालं असावं.

आता भाव फोडायचा तर तो मुळात कळायला हवा. त्यासाठी या गृहस्थांनी, ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, टपालाने इंग्रजी वर्तमानपत्र लावलं. व्यापाराच्या पानावर अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, लंडनच्या बाजारातले लोण्याचे भाव कधीमधी येत आणि त्यात डॅनिश लोण्याची एक ओळ असे. ती शोधून काढणं हे माझं काम. कपबशी पुढे सरकवून ते विचारायचे, "काय म्हनून राह्यलं डेन्मार्क?" ओळ सापडली की तिथले शिलिंग आणि हंड्रेडवेट मोडून आपले रुपये आणि शेर करायचे, मला वाटलं हे तरी जमलं, तर आपल्याकडे नवे पैसे आणि किलो सुरू झाले आणि मी पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसलो. ज्या दिवशी ओळ नसे त्या दिवशी ते "आज डेन्मार्क बंद हाय" म्हणत आणि टोपी काढून मांडीवर ठेवत. मी एकदा वैतागून विचारलं की तिथल्या गाईंचा आणि आपल्या म्हशींचा संबंध काय? ते म्हणाले, "पानी वरून खाली येते, मास्तर. आज ना उद्या येतेच."

माणूस वेडा होता, पण त्याचं नाक मात्र वेडं नव्हतं. लोण्याचा कण मनगटाच्या मागच्या बाजूला चोळून ते नाकाशी नेत, डोळे मिटत आणि सांगत : म्हैस नाल्याकाठी चरते, लोणी परवा संध्याकाळचं आहे, आणि दूध बाभळीच्या जाळावर तापवलं आहे. बायका आधी हसायच्या आणि मग घाबरायच्या. तूप कढवताना तर ते कढईकडे पाहतही नसत. आंबूस वास जातो, मग पाण्याचा जातो, मग खरा वास उठतो, आणि तो उठल्यावर एक विडा लावण्याइतकीही सवड नसते; नेमक्या त्या क्षणाला ते दुकानातून ओरडत, "उतरव!" आणि आतून ताई, म्हणजे माझी मेहुणी, कढई उतरवे. या नाकासाठी घरात किती नेम! तपकीर नाही, तंबाखू नाही, अत्तर लावलेल्या पाहुण्याला ओसरीवरच बसवायचं, बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत लसणाची फोडणी बंद. शेजारी एक मुसलमान चाचा होते, त्यांचं सायकली आणि बैलगाड्या दुरुस्त करण्याचं दुकान. पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येतो म्हणून बाजाराच्या दिवशी यांचं त्यांच्याशी ठरलेलं भांडण. चाचा म्हणत, "भाई, पंक्चर क्या मुहूरत देख के होता है?" भांडण संपलं की ते चहाही एकमेकांना पाजत, पण तो तोंड फिरवून.

मग गावात वनस्पती तुपाचे डबे आले. पांढरं, रवाळ, देखणं आणि स्वस्त. आधी हॉटेलात गेलं, मग लग्नांच्या पंगतीत, मग हळूच घराघरांत. साडूभाऊ त्याला तूप म्हणत नसत. "थे तूप नोहे, थे मेनबत्ती हाय," म्हणत. हसणारे हसले आणि मेणबत्ती घेऊन घरी गेले. यांच्याकडे राहिली देवळाची वात, पाटलांचं घर, आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांपुरतं छटाकभर तूप नेणारी गरीब माणसं. इतर व्यापारी चांगल्या तुपात वनस्पती मिसळू लागले आणि त्यांची घरं माडीची झाली. यांच्या घराचं मात्र छप्पर गळत राहिलं. मी त्यांना काही सांगायला गेलो नाही, कारण सांगण्यासारखं होतं तरी काय? खरं तूप महाग आणि खोटं स्वस्त, हे सांगायला इंग्रजीचा मास्तर लागत नाही.

त्यातच एका वर्षी लंडनच्या बाजारात लोण्याचा महापूर आला आणि डेन्मार्कचा भाव कोसळला. मी ती ओळ वाचून दाखवली आणि घरी गेलो. संध्याकाळी ताई आमच्या दारात. "तुमच्या साडूभाऊनं दुपारपासून अन्न नाही घेतलं. कोन मेलं त्याईचं, मले समजून नाही राह्यलं." मी गेलो तर हे अंधाऱ्या कोठारात रिकाम्या डब्यावर बसलेले. मी म्हटलं, भाऊ, आपलं काय गेलं त्यात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं कोतं वाटलं. म्हणाले, "तिथल्या बायाईचं कसं होईन, मास्तर? सकाऊन उठून, डोक्यावर लोनी घेऊन, कोस दोन कोस चालत आल्या असतीन. अन् बाजारात येऊन आयकतात त भाव नाही." डेन्मार्कच्या बायका डोक्यावर गाडगी घेऊन कोसभर चालतात की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पण त्या अंधारात त्या मला स्पष्ट दिसल्या, आणि मीही त्या रात्री नीट जेवलो नाही.

पुढे काही काळाने वारं फिरलं. तिकडे उन्हाळा कडक गेला, चारा सुकला, लोणी आटलं आणि भाव चढू लागला. एक बाजार गेला, दोन गेले, ओळ चढतीच. साडूभाऊंच्या चेहऱ्यावरचं सुतक आयुष्यात पहिल्यांदा फिटलं. "पानी खाली येऊन राह्यलं, मास्तर!" त्यांची खात्रीच पटली की चैत्र-वैशाखाच्या लग्नसराईपर्यंत हा भाव महागावात पोचणार आणि मेणबत्तीवाले तोंडघशी पडणार. दसऱ्यापासून त्यांनी विक्री थांबवली. फक्त घेत राहिले. जवळचं होतं नव्हतं ते सगळं लोण्यात गेलं, लोण्याचं तूप झालं, आणि कोठारात डब्यावर डबे चढले. या खरेदीच्या अगदी सुरुवातीलाच त्यांना मोठा ताप आला होता, त्यामागून असं पडसं जडलं की महिनाभर रुमाल सुटला नाही. ताप गेला, पडसं गेलं. ताई एकदा बायकोजवळ बोलली की वरण करपून घरभर धूर झाला तरी हे चुलीजवळ स्वस्थ बसून होते. वयच झालं आता, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

फाल्गुन सरता सरता कोठाराच्या बाजूने एक वास येऊ लागला. खवट, जड, घशात बसणारा. मला आला, बायकोला आला, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना आला. पण तो वास त्या घरातून येत होता, ज्या घरात त्या तालेवार नाकाचा मुक्काम होता! त्यांना येत नाही म्हणजे तो नाहीच, आपलंच नाक खोटं, असं धरून सगळं गाव गप्प बसलं. असा मूर्खपणा करायला आमच्या गावाइतकीच त्या नाकावर श्रद्धा लागते.

चैत्रातला एक बाजार. साडूभाऊ धुतलेलं धोतर नेसून पोत्यावर उभे राहिले आणि त्यांनी तुपाचा भाव फोडला, खरोखर डेन्मार्कला शोभेल असा. मग पहिला डबा उघडला. पहिली ओळ तांड्यावरच्या बायकांची होती आणि त्यांत सगळ्यांत पुढे एक म्हातारी, जिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती वीस पावसाळे यांना लोणी घालत आली होती. डबा उघडताच बायकांनी पदर नाकाला लावले. याडी पुढे झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "शेटजी, झाकन लावा."

"काहून?"

"खवट झालं हाय."

साडूभाऊंनी बोट बुडवलं, मनगटाला लावलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग याडीच्या तोंडाकडे पाहिलं. "लोनी खराब होतं?"

"लोनी चांगलं होतं. तुमी कच्चं उतरवून राह्यले. पानी राहे आतमंदी." म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमचं नाक गेलं, हे आमाले संक्रांतीपासून ठाऊक हाय. एकडाव माह्यापासून आंबलेलं लोनी आलतं, तुमी 'वा याडी' म्हनले. तवाच समजलो."

"अन् मंग?"

"मंग काय? आमी साऱ्या बायाईनं ठरवलं, शेटजीले खराब लोनी द्याचं नाही. साऱ्याईले एकच भाव देनारा मानूस हाय. त्याले फसवलं त आमचंच तोंड काळं."

साडूभाऊ पोत्यावर बसले. बराच वेळ त्यांनी मनगट नाकाशी धरून ठेवलं होतं. आयुष्यभर ज्या बायकांची लबाडी पकडण्यासाठी त्यांनी ते नाक जपलं, त्याच बायकांनी ते गेल्यावर त्यांना सांभाळलं होतं. हे त्यांना सुख होतं की दुःख, मला सांगता येणार नाही; मला स्वतःला रडू येत होतं आणि मी चष्मा पुसत होतो.

अशी बातमी पसरायला एस.टी. लागत नाही. दुपारीच पुसदचा एक अडत्या हजर झाला, गोड बोलणारा, पान खाणारा. सगळा माल उचलतो म्हणाला. विड्याची पानं टाकून पुन्हा कढवायचं, वनस्पतीत मिसळायचं, कोणाला काही कळत नाही. त्यात दुकान वाचत होतं, कोठार वाचत होतं, म्हातारपण वाचत होतं. साडूभाऊंनी विचारलं, "इकसान कोनाले?" तो म्हणाला, "लग्नं हायेत, बारशे हायेत. घेनारे पुष्कळ." दाराआडून ताईचा आवाज आला, "बाळंतिनीच्या तोंडी जाईन थे." तेवढंच बोलली. मला त्या अडत्याच्या तोंडात मारावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी 'भाऊ, देऊन टाका' असंही म्हणावंसं वाटत होतं. साडूभाऊ उठले, अडत्याला पाणी दिलं, हात जोडले आणि म्हणाले, "या तुमी."

मग ते शेजारी गेले. "चाचा, गाड्याच्या आखाले वंगन लागते ना? माह्यापाशी हाय. पैशे नको."

चाचांनी कानाला हात लावले. "अरे भाई, घी से पहिया घुमाऊँ? गुनाह लगेगा."

"घी नाही राह्यलं थे. वास नाही येत तुमाले?"

"आता है. दो महीने से आता है."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"आपकी नाक के आगे मेरी नाक की क्या औकात, भाई!" असं म्हणून चाचा खाली मान घालून बसले. पंक्चर काढायला आलेला एक माणूस उभा राहून उभा राहून निघून गेला.

त्या वैशाखात महागावच्या गाड्यांनी आवाज केला नाही. आमच्याकडे गाडी येण्याआधी तिचं करकरणं येतं. त्या वर्षी वऱ्हाडाच्या गाड्या मुक्याने दारात येऊन उभ्या राहत आणि स्वागताला कोणी नसे. गावातली झाडून सारी कुत्री गाड्यांच्या मागे, थांबली गाडी की आख चाटायला. लोक हसले, मीही हसलो. साडूभाऊ ओसरीवर बसून जाणारी प्रत्येक गाडी बघत आणि ती वळणाआड गेली की दुसरीची वाट बघत. दुकानाचं दार मग उघडलंच नाही. वर्तमानपत्र बंद केलं. मी एकदा शाळेत आलेल्या जुन्या अंकातली ओळ वाचून दाखवू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. त्याईचं त्याईले."

पुढच्या वर्षी माझी राळेगावला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ताईने जेवायला बोलावलं. तिने याडीकडून ताजं लोणी आणवलं होतं आणि चुलीवर कढई चढवली होती. साडूभाऊ चुलीजवळ पाटावर बसले होते, मी भिंतीला टेकून. लोणी वितळलं, फेस आला, आवाज बारीक होत गेला. ते एकदम मला म्हणाले, "मास्तर, वास उठला काय?"

"उठतो आहे."

"कसा हाय, सांगा."

मी आयुष्यभर पोरांना शब्द शिकवले. त्या वेळी मला एकही सापडेना. छान, गोड, खमंग, जे काही तोंडात आलं ते बोललो. ते मान हलवत राहिले, पण त्यांना काही दिसलं नाही हे मला कळत होतं. माझी स्वतःचीच मला लाज वाटली. ताई कढईतला झारा फिरवत होती. ती माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "तुमी मले पाह्याले आलते ना, त्या दिवशी आमच्या घरात येत होता, तसा."

साडूभाऊंनी मान वर केली. "त्या दिवशी त तुह्या मायनं तूप जाळलं होतं."

झारा थांबला. "इतक्या सालात कधी बोलले नाही तुमी!"

"बोललो असतो त तू भेटली असती काय?" ते म्हणाले, आणि तो सुतकी चेहरा हसला, मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अन् आता? आता जळून त नाही राह्यलं?"

ताईने पदराने कढई धरली आणि खाली उतरवली. तूप बरोबर झालं होतं, करपलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि भात वाढायला सांगितलं.